पश्चिमेस बोळ

गेल्या महिन्यात दादाने (माझा चुलतभाऊ, गावी राहतो) व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. आमच्या गावच्या वाड्याचं जुनं खरेदीखत. मूळ कागद मोडीतला, आणि सोबत १९५८ साली वाटणीच्या वेळी कुणाकडून तरी करून घेतलेलं त्याचं बाळबोध लिप्यंतर. वाडा पणजोबांनी १९११ साली विकत घेतला. जुने कागद वाचायची मला हौस आहे, त्यामुळे मोबाइलवर बोटांनी मोठं करकरून वाचत बसलो. किंमत, साक्षीदार, मग ते नेहमीचं 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासहित', आणि मग चतुःसीमा. पूर्वेस सरकारी रस्ता. दक्षिणेस अमक्याचं घर व सामाईक भिंत. उत्तरेस तमक्याची मोकळी जागा. आणि 'पश्चिमेस भंगी येणेजाणेचा बोळ'.

हा शब्द आज लिहू नये, बोलू तर नयेच. पण कागदावर तोच आहे, आणि कागदाबद्दलच लिहायचं असल्यामुळे एकदा लिहिला. पुढे लागेल तिथेच लिहीन.

फोटोमागोमाग दुसरी फाइल आली. वाडा आता पाडायचा आहे. आम्ही सात वारस, सगळे सातासमुद्रापलीकडे नसलो तरी गावात एकटा दादाच. डेव्हलपर मिळालाय. त्याच्या वकिलांनी प्रतिज्ञापत्राचा मसुदा पाठवला होता, त्यात म्हटलं होतं की वाड्याच्या पश्चिमेचा सुमारे साडेतीन फूट रुंदीचा बोळ 'पूर्वापार आमच्या कुटुंबाच्या मालकीचा व फक्त आमच्याच वहिवाटीत असून त्यावरून अन्य कोणाचेही जाणे-येणे नव्हते व नाही.' खाली सात नावं, सात रेघा. साडेतीन फूट गुणिले वाड्याची लांबी, म्हणजे चांगली दीड-दोन खोल्यांची जागा होते. दादाचा निरोप होता, "सही करून स्कॅन पाठव, आठवड्यात हवंय."

मी सही करायला पेन उघडलं आणि थांबलो. कारण त्या बोळातून कोण यायचं हे मला चांगलं माहीत होतं.

*

ज्यांनी वाड्यातले दिवस पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमचा वाडा फार मोठा नव्हे, एकचौकी. चौकातून मागे गेलं की परस. परसात आड, आडाला लागून न्हाणीघर, त्याच्या भिंतीशी रचलेल्या गोवऱ्या, मग गोठा (माझ्या आठवणीत रिकामा, नुसतं सरपण भरलेला), अळूचं वाफं, एक शेवगा, आणि सगळ्यात शेवटी, घरापासून जितकं लांब नेता येईल तितकं लांब, पश्चिमेच्या भिंतीला टेकून संडास. दगडी जोत्यावर दोन खोल्या, वर कौलं. चार पायऱ्या चढून जायचं. फरशीत एक भोक, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला दगड. भोकाखाली डांबर फासलेली बांबूची टोपली, नंतरच्या काळात पत्र्याचा डबा.

तिथे जाण्याचा एक विधीच असे. टमरेल भरून घ्यायचं, अंगावरचे कपडे काढून पंचा नेसायचा, मोठ्या माणसांनी जानवं कानाला लावायचं. परत आल्यावर आडाजवळ माती नाहीतर राखेने हात घासायचे, पाय धुवायचे, मगच घरात पाऊल. रात्री जायचं झालं तर कंदील आणि सोबतीला कुणीतरी. मी आत्याला उठवायचो. ती पायरीवर बसून मोठ्याने काहीतरी बोलत राहायची, मला भीती वाटू नये म्हणून. घरातल्या बायका मात्र पहाटे उजाडायच्या आत उरकून घेत. पुरुष माणसं पडवीत बसलेली असताना टमरेल घेऊन परस ओलांडणं त्यांना अवघड वाटे.

या खोलीवर विनोदी लेख पुष्कळ लिहिले गेलेत, चाळीतल्या रांगांवर तर विचारूच नका. मीही मित्रांच्या मैफलीत कंदिलाची आणि पालीची गोष्ट रंगवून सांगत आलोय. पण त्या प्रत्येक गोष्टीत एकच दार असतं, आपण आत जायचं ते. त्या खोलीला दुसरं दार होतं. जोत्याच्या मागच्या अंगाला, गुडघ्याइतक्या उंचीचं, पत्र्याची झडप लावलेलं, बोळात उघडणारं. घरातल्या कुणी त्या दाराने कधी ये-जा केली नाही. करण्यासारखं नव्हतंच ते, तिथून फक्त टोपली बाहेर निघायची.

*

आमच्या घरी एक समजूत होती की हे सगळं 'पूर्वीपासून' असंच चालत आलंय. वकिलाच्या मसुद्यातही 'पूर्वापार' आहेच. पण जरा खोदून पाहिलं तर हे पूर्वापार फार लांब जात नाही.

आपल्या भाषेतच बघा. गावाकडे अजून 'परसाकडे जाणं' म्हणतात, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेकडे. तिथे खोली असण्याचा काही संबंध नाही. घरापासून लांब जावं हा नियम जुनाच, मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायातही मलमूत्र घरापासून दूर करावं असं सांगितलंय. बहुतेक माणसं ओढ्याकाठी, शेतात, माळावर जात. पेशवाईतला शब्द शेतखाना, पण त्याचा शेताशी संबंध नाही, तो फारसी 'सेहतखाना' आहे. सेहत म्हणजे तब्येत! शब्दच सांगतो की ही सोय वाडे-हवेल्यांची, दरबारी लोकांची. गडकिल्ल्यांवर शौचकूप दिसतात हेही खरं. रायगडावर राजवाड्याच्या अवशेषांत आहेत, सिंधुदुर्गाच्या तटातही आहेत. पण ते मोठे वाडे आणि शिबंदी असलेले किल्ले. सामान्य माणसाच्या घराला संडास ही गोष्ट आपल्याकडे पुष्कळ उशिरा आली.

आणि आणखी एक गोष्ट, जी माझ्या फार उशिरा ध्यानात आली. आपल्या गावगाड्यातले बारा बलुतेदार आठवा. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, महार, मांग, चांभार… या यादीत मैला उचलणारा नाही. त्याची गरजच नव्हती, कारण उचलायला टोपलीच नव्हती. महाराष्ट्रातल्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांत हे काम करणारी बरीचशी कुटुंबं गुजरात-काठियावाडातून आणि उत्तरेकडून आलेली आहेत. लष्कराच्या छावण्यांनी आणि नगरपालिकांनी त्यांना आणलं, त्यांच्यासाठी गावाबाहेर चाळी बांधल्या. आमच्या गावच्या त्या वस्तीतही घरात गुजराती वळणाची बोली चाले.

म्हणजे झालं असं. इंग्रजी अमलात १८५०च्या कायद्यापासून गावोगाव नगरपालिका उभ्या राहू लागल्या. पुढे १८८४ आणि १९०१च्या कायद्यांनी त्यांना आणखी आकार आला. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, पाठोपाठ पुण्यात आणि मग सगळीकडे, तेव्हापासून तर सफाई हा सरकारच्या जिवावरचाच विषय झाला. ओढ्यावर जाणं शहरात परवडेना, गटारं आणि पाणी आणायला पैसे नव्हते. मग स्वस्त उपाय निघाला, घरामागे टोपलीचे संडास, ते मागून रिकामे करायला बोळ, आणि बोळातून फिरायला माणसं. मुंबईत दोन इमारतींमधल्या ज्या अरुंद फटींना लोक हाउसगल्ली म्हणतात, त्या याच कामासाठी सोडलेल्या. जुन्या मुंबईची कल्पना करताना आपण ट्राम आणि व्हिक्टोरिया आठवतो, पण शहराचा एक आख्खा दुसरा नकाशा या गल्ल्यांचा होता. १८८८च्या मुंबई महापालिकेच्या कायद्यात या कामासाठी चक्क 'हलालखोर कर' होता.

हलालखोर म्हणजे हलालचं, कष्टाचं खाणारा. हे नाव अकबराने रूढ केलं असं आइन-इ-अकबरीत आहे. मेहतर हा फारसी शब्द, त्याचा अर्थ थोर, पुढारी. नंतर हरिजन आलं, मग सफाई कामगार. नावं एकापेक्षा एक चांगली मिळत गेली. टोपली तीच राहिली.

मैल्याचं पुढे काय होई हेही सांगायला हवं. तो गाड्यांतून गावाबाहेरच्या डेपोवर जाई, तिथे राख-मातीत मुरवून त्याचं खत होई. पुण्यात एकोणिसाव्या शतकातच ते मळेवाल्यांना विकलं जात होतं. सुरुवातीला शिवायला तयार नसलेले शेतकरी उसाचं पीक बघून रांगा लावू लागले. नाव पडलं सोनखत. नगरपालिकेला उत्पन्न, बागाईतदाराला ऊस, आणि ज्याने ते डोक्यावरून वाहिलं त्याला महिन्याचा पगार. तोही किती, ते विचारायला नको.

*

त्याच १८९६ची एक हकिकत गांधीजींच्या आत्मकथेत आहे. मुंबईत प्लेग पसरला म्हणून राजकोट संस्थानाने एक समिती नेमली, त्यात दक्षिण आफ्रिकेतून काही महिन्यांसाठी परत आलेले तरुण बॅरिस्टर गांधी होते. त्यांनी आग्रह धरला की घरोघरचे संडास तपासायचे. गरिबांनी बिनतक्रार दाखवले, सुचवलेल्या सुधारणाही केल्या. वरच्या वर्गाची घरं मात्र आत येऊ देईनात, आणि जिथे जाता आलं तिथले संडास अंधारे, दुर्गंधीचे, किड्यांनी भरलेले. मग अस्पृश्यांच्या वस्तीत जायचं ठरलं तर समितीतला एकच सभासद सोबत यायला तयार झाला. तिथे संडास दाखवा म्हटल्यावर लोकांना नवलच वाटलं. आम्हाला कुठले संडास, ते तुम्हा मोठ्या लोकांना, आम्ही बाहेर जातो, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. घरं मात्र सारवलेली, लख्ख.

मला ही हकिकत वाचून आमच्या वाड्याची आठवण येते. चौक रोज सडासंमार्जन केलेला, देवघर तर काय सांगावं, आणि परसाच्या टोकाला ते. घाण लांब ठेवली की आपण स्वच्छ, असा सगळा हिशोब. आणि ती घाण जी उचलते तिलाही तितकंच लांब ठेवायचं.

तर ती.

ती सकाळी साडेआठ-नऊला यायची. बोळातून पत्र्याच्या झडपेचा आवाज यायचा, खरखर खराटा वाजायचा, आणि मग हाक, "पाणी टाका हो!" कुणीतरी दोन बादल्या वरून ओतायचं. दिवाळीला ती पुढच्या रस्त्यावर, पायरीच्या खाली उभी राहायची. आजी वरून पोस्त टाकायची. फराळाचं कागदात बांधून पायरीवर ठेवायची, आजी मागे सरल्यावर ती उचलायची. सणासुदीला शिळं-उरलंही असंच. तिचा चेहरा मला आठवत नाही. पदर नाकावरून घेतलेला असे.

एक गोष्ट आठवते, आणि ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. मी सहा-सात वर्षांचा असेन. शाळेला सुट्टी होती, उशिरा उठलो आणि नेमका तिच्या वेळेला संडासात जाऊन बसलो. खालून एकदम झडप उघडली, उजेड आला आणि टोपली सरकली. मी इतका दचकलो की किंचाळत पंचा सोडून बाहेर पळालो. आजी धावत आली. काय झालं ते कळल्यावर ती भिंतीजवळ गेली आणि भिंतीपलीकडे बघत, म्हणजे भिंतीकडेच बघत, तिला नाही नाही ते बोलली. आमची आजी एरवी शांत बाई, मुंगीला साखर घालणारी. पलीकडून एवढंच ऐकू आलं, "बाळ बसलंय ते कळलं नाही, माय." नंतर कित्येक दिवस ती झडप उघडायच्या आधी पत्र्यावर दोनदा ठोकायची.

ते ठोकणं मला गंमतीचं वाटायचं. मीही आतून ठोकायचो.

*

या कामाची आणखी एक विचित्र बाजू होती. नगरपालिकेचे पगारी कामगार असायचेच, पण पुष्कळ गावांत खाजगी घरांचे संडास हे ठरावीक कुटुंबांच्या 'हक्काचे' असत. अमुक गल्लीतली अमुक घरं हिची, तमुक तिची. हा हक्क सुनेला मिळे, गहाण पडे, विकलाही जाई. घाण उचलायच्या हक्काची खरेदी-विक्री! पहिल्यांदा वाचलं तेव्हा पटेना. पण पुढे १९६५ साली सरकारला या 'रूढीप्राप्त हक्कां'चा विचार करायला मलकानींच्या अध्यक्षतेखाली समितीच नेमावी लागली. ज्याला दुसरं काहीच मिळू दिलं नाही त्याने हातात आलेलं तेवढं धरून ठेवलं, यात नवल नाही. आमचा वाडा पणजोबांच्या नावावर होता. पण त्याचं मागचं दार कुणाच्या तरी सासूकडून सुनेकडे आलं होतं, त्याचं खरेदीखत मात्र कुठे नाही.

असं नाही की कुणी काही केलं नाही. रत्नागिरीच्या तुरुंगात १९३२ साली अप्पासाहेब पटवर्धन सत्याग्रही कैदी होते. तुरुंगात मैला काढायचं काम जात बघून दिलं जाई. अप्पांनी ते काम आपल्याला द्या म्हणून मागितलं. ब्राह्मणाला हे काम नाही, असा नियम आडवा आला. अप्पांनी अन्नत्याग सुरू केला. त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्यात गांधीजींनी डिसेंबरात उपास सुरू केला, आणि सरकारने विचार करायचं आश्वासन दिल्यावर दोन दिवसांत सोडला. (तुरुंगात जात बघून काम देण्याचे नियम घटनाबाह्य आहेत असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला तो ३ ऑक्टोबर २०२४ला. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर. मधली ब्याण्णव वर्षं मोजून घ्या.)

अप्पा पुढे कणकवलीला राहिले, १९४८ साली तिथे गोपुरी आश्रम काढला. त्यांचं खरं काम मला यापुढचं वाटतं. ते संडासाच्या रचनेकडे वळले. मैल्यावर माती-पालापाचोळा टाकत जायचं, एक कप्पा भरला की दुसरा वापरायचा, तोवर पहिल्यात खत तयार, ताज्या मैल्याला कुणी हात लावायचा नाही. हे 'गोपुरी संडास' म्हणून ओळखले गेले. देहूला १९५९पासून खेडोपाडी संडासांसाठी झटणारे डॉक्टर मापुसकर अप्पांच्याच वाटेवरचे, त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. या माणसांना कळलं होतं की नुसती मनं बदलून भागणार नाही, मागचं दार राहिलं तर त्या दाराशी कुणीतरी उभं करावंच लागतं.

बाबासाहेब आंबेडकरांचा मुद्दा आणखी पुढचा होता. गांधीजी हे काम पवित्र, सेवेचं म्हणून गौरवत. बाबासाहेबांनी १९४५च्या पुस्तकात यावर सडकून टीका केली. ज्यांच्यावर हे काम जन्माने लादलंय त्यांनाच त्याचा मोठेपणा सांगणं ही क्रूर थट्टा आहे, असं त्यांचं म्हणणं. मला वाटतं एखाद्या ब्राह्मणाने हट्टाने टोपली उचलणं हे मोठं खरं, पण त्याला ती खाली ठेवता येत होती. आमच्या बोळातल्या बाईला नव्हती.

मुंबई सरकारने १९४९ साली सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला बर्वे समिती नेमली, तिचा अहवाल १९५२चा. मग १९५७ साली केंद्राची मलकानी समिती. तिने १९६०मध्ये सांगितलं की डोक्यावरून मैला वाहणं बंद झालं पाहिजे. माझा जन्म त्याच्या आसपासचा, म्हणजे ती हाक मी ऐकत होतो तेव्हा हे सगळं लिहून, छापून झालेलं होतं.

*

आमच्या वाड्यात पाण्याचं भांडं बसलं १९७४ साली. बाहत्तरच्या दुष्काळात आड आटला होता, त्यामुळे आजोबांनी दोन वर्षं 'पाणी कुठून आणायचं' म्हणून टाळलं. मग नगरपालिकेची नोटीस आली. गवंड्याने परसात सेप्टिक टाकी बांधली, जोतं फोडून नळ टाकला आणि मागची झडप काढून तिथे विटा बसवल्या. अर्ध्या दिवसाचं काम. आत्या म्हणाली, सुटलो बाई एकदाचे. ती हाक बंद झाली. तिच्याबद्दल घरात कुणी काही बोलल्याचं आठवत नाही. बोळात कचरा साठला, पुढे रुई आणि घाणेरी उगवली.

देशात हे दार बंद व्हायला किती वेळ लागला? कोरडे संडास बांधणं आणि माणसाकडून साफ करून घेणं हा गुन्हा ठरला १९९३ साली. २०११च्या जनगणनेत तरीही ७ लाख ९४ हजार संडास असे निघाले की जिथला मैला माणूस काढतो. त्याच वर्षीच्या सामाजिक-आर्थिक पाहणीत असं काम करणारी सर्वांत जास्त कुटुंबं कुठल्या राज्यात नोंदली गेली? महाराष्ट्रात, ६३,७१३. आपल्या संत गाडगेबाबांच्या महाराष्ट्रात, जिथे त्यांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१पासून गाजलं. २०१३ला नवा, कडक कायदा आला. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात, टाकीत मेलेल्यांच्या वारसांना दहा लाख द्यायला सांगितले, २०२३मध्ये तीस लाख. रक्कम वाढवावी लागते, याचा अर्थ माणसं मरतायत. टोपलीच्या जागी टाकी आली, पण टाकीत उतरणाऱ्याचं आडनाव फारसं बदललं नाही.

आमच्या परसातली ती टाकीही कधीतरी उपसली असणारच. कुणी उपसली? मला माहीत नाही. मी तेव्हा पुण्याला होतो.

*

असो. प्रतिज्ञापत्राकडे येतो.

दादाला फोन केला. म्हटलं, "दादा, यात 'अन्य कोणाचेही जाणे-येणे नव्हते' असं लिहिलंय. ते खोटं आहे."

"अरे, कोण होतं मग?"

"ती यायची की रोज."

दादा जरा थांबला. मग म्हणाला, "अरे ती काय वहिवाट झाली का? ती कामाला यायची. आणि आता कोण विचारतंय? पन्नास वर्षं झाली, त्या बोळात उंदराशिवाय कुणी फिरकलं नाही. तुझं आपलं काहीतरीच."

दादाचं चुकतं असं मी म्हणणार नाही. त्याने एकट्याने वाडा सांभाळलाय, पावसाळ्यात कौलं शाकारलीत, आम्ही सहाजण फोनवरून सल्ले देत होतो. साडेतीन फूट बोळ डेव्हलपरला मिळाला काय आणि नगरपालिकेकडे राहिला काय, त्या बाईच्या नातवंडांना त्यातून काही मिळणार नाही. हे मला कळतं.

तरी तिचं नाव तरी विचारावं म्हणून आत्याला फोन लावला. आत्या आता अठ्ठ्याऐंशीची, नाशिकला असते, स्मरणशक्ती खणखणीत. १९५५ साली शेजारी मुंजीत किती पंगती उठल्या ते सांगते. म्हटलं, "आत्या, आपल्या बोळातून यायची तिचं नाव काय गं?"

बराच वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"नाव…" आत्या म्हणाली. "अरे, तिला आम्ही कधी हाकच मारली नाही. तीच मारायची."

मग आपणहून म्हणाली, "मुलगा होता तिला एक. गटारावर लागला पुढे. मोठ्या पायाची बाई होती. बोळात चिखल असला की तिची पावलं दिसायची मोठाली." मग तिने एकदम विषय बदलला आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी केली.

मी वकिलांना मेल केली. विक्रीच्या कागदावर सही करायला माझी काही हरकत नाही. पण या प्रतिज्ञापत्रातलं वाक्य बदलावं आणि तिथे 'सदर बोळाचा वापर १९७४पर्यंत नगरपालिकेचे व खाजगी सफाई कामगार वाड्यातील संडास साफ करण्यासाठी करीत असत' एवढं लिहावं, मग सही करतो. वकिलांचं उत्तर सभ्य भाषेत आलं, की असं लिहिल्यास बोळ सार्वजनिक ठरण्याचा धोका आहे आणि क्षेत्रफळ कमी होऊन सर्वच वारसांचं नुकसान होईल. दादा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला: "बाकी सहाजणांच्या सह्या झाल्या. तुझं काय ते ठरव."

माझ्या हिश्शाचं नुकसान मी सोसेन, पण बाकी सहाजणांचं करायचा मला काय अधिकार, हाही प्रश्न आहेच. बायको म्हणते, सही कर आणि जे पैसे येतील त्यातले काही त्या वस्तीतल्या मुलांच्या शिक्षणाला दे. हा सल्ला वाईट नाही. देईनही. पण ते पुन्हा पायरीवर ठेवलेल्या फराळासारखं होईल का, असं वाटत राहतं. आणि सही केली तर तिच्या असण्याची एकमेव लेखी खूण, १९११च्या कागदातले ते तीन शब्द, तेही मी आपल्या हाताने खोटे ठरवणार. त्या खुणेत तिला शिवी आहे हे मान्य. पण ती येत होती आणि जात होती, एवढं तरी त्यात आहे.

मसुदा टेबलावर आहे. सहा रेघांवर सह्या आहेत, सातवी रिकामी.